सोन्यासाठी बर्फ

शेजारच्या शिवाच्या बैलाचं नाव निघालं की कमळाकरचा घास घशात अडकायचा. आणि नाव काढायची ती त्याचीच बायको.

"अवो, शिवाचा सर्जा बघितलाव? कसा शिडशिडीत! नायतर आपला सोन्या. उठायला पण मुहूर्त लागतो."

"बैलाचं सांगतेस का शिवाचं?"

"दोघांचं पण," धोंडुबाई म्हणाली आणि कमळाकरच्या सुटलेल्या पोटाकडे बघून आमटी वाढू लागली.

झालं! कमळाकरच्या अंगाचा तिळपापड झाला. येत्या एकबैली गाड्यांच्या शर्यतीत शिवाची गाडी मागे टाकली, तरच हिच्या तोंडून आपलं कौतुक निघेल, हे त्याच्या मनाने घेतलं. रोह्याहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना त्याने सोन्यापुढे उभं केलं.

ऋतुजाबाईंनी बरगड्या चाचपल्या. सापडल्या नाहीत. "अंगातली चरबी मेंदूला निरोप धाडते, कोठार भरलं, आता पुरे. याला एवढी पेंड चारलीत, की मेंदू तो निरोप ऐकेनासाच झालाय. पेंड कमी करा, चालवा."

"दुसरा उपाय नाय?"

"तशी थंडी वाजली की मेंदूच चरबीला हुकूम सोडतो, जळ म्हणून. पण..."

'पण'च्या पुढचं ऐकायला कमळाकर थांबलाच नाही.

पेणच्या बाजारात मालू कोळणीकडे मासळीखालचा जुना बर्फ फुकट मिळाला. घरी यायची वाट मिठागराच्या बांधावरून, तिथे गाडी चालत नाही. त्यामुळे रोज सकाळी कमळाकर पाटी डोक्यावर घेऊन दीड मैल धावायचा, कारण चाललं तर बर्फाचं पाणी व्हायचं. मग तो बर्फ पोत्यात भरायचा आणि ते गार पोतं पाठीवर घेऊन सोन्या निवांत रवंथ करी. ऐन उन्हाळ्यात त्याला ते इतकं मानवलं की तो दुप्पट खाऊ लागला.

महिन्याभराने शर्यत आली. झेंडा पडला आणि सोन्याच्या अंगाच्या बोंबलाच्या वासावर गावची झाडून सगळी कुत्री धावली. सोन्या जन्मात पहिल्यांदा पळाला, पण माळ सोडून थेट मिठागरात. गाडी चिखलात रुतली. शिवा पहिला आला.

कमळाकर चिखलाने माखून घरी आला. आता काय ऐकावं लागणार, या धास्तीने त्याने सदरा काढला. पाणी ओतता ओतता धोंडुबाई थबकली.

"अवो, पोट कुठं गेलं तुमचं?"

त्याने खाली पाहिलं. खरंच, पायाची बोटं दिसत होती.

"शिवा काय नाय तुमच्यापुढं," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाबाई येऊन कमळाकर आणि सोन्या, दोघांवर रागावल्या आणि बर्फ बंद झाला. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी कमळाकर पाटी घेऊन निघालाच.

"आता बर्फ कुणाला?" धोंडुबाईने विचारलं.

"सोन्याला गो," तो पोट आत घेत म्हणाला. "नुसता लांबून दाखवीन."