मंगलाकाकी, मूळ गाव हवाना

मंगलाकाकींना रांग दिसली की राहवत नाही. रांग कसली आहे हे त्या आधी विचारत नाहीत. आधी खणखणीत आवाजात "शेवटचा कोण?" असं विचारतात, कोणीतरी हात वर करतो, त्याच्या मागे जाऊन उभ्या राहतात, पिशवी काखेत घट्ट धरतात आणि मग पुढच्याला विचारतात, "काय देतत हय?"

अशा रीतीने त्यांनी आजवर आधारकार्ड दोनदा अपडेट केलंय, डोळे चार वेळा तपासून घेतलेत, आणि एकदा हिंदमाताला साड्यांचा सेल समजून एका अनोळखी गृहस्थाच्या तेराव्याचं जेवून आल्यात. "लाडू बरे होते," एवढंच म्हणाल्या.

काकी लालबागला आमच्या शेजारी, अकराव्या मजल्यावर राहतात. इथे टॉवर व्हायच्या आधी चाळ होती, तेव्हाही शेजारीच होत्या. खरं नाव मिगदालिया. क्युबाच्या, हवाना शहरातल्या. गावडेकाका मालवाहू जहाजावर इंजिनीअर होते. त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी हवानाला अडीच महिने अडकलं. जहाज दुरुस्त झालं, काका झाले नाहीत. लग्न करूनच परतले. सासूने सुनेचं नाव ऐकलं, दोनदा म्हणून बघितलं आणि मंगला करून टाकलं. मराठीही सासूनेच शिकवली, म्हणजे मालवणी शिकवली. त्यामुळे पावणेसहा फुटांची, कुरळ्या केसांची ही बाई नव्या भाजीवाल्याला "मेल्या, भेंडी जून आसा" म्हणते, तेव्हा तो घाबरून कोथिंबीर फुकट देतो.

फुकट मिळो नाहीतर पैसे देऊन, काकी कधी काही विकत आणत नाहीत. त्या वस्तू 'सोडवतात'. "आज अंडी सोडवलंय." "गॅसवाल्याक सोडवलंय." त्यांच्या देशात म्हणे सगळे असंच बोलतात, कारण दुकानात जाऊन वस्तू मिळणं हे तिथे गणित सुटण्यासारखं असतं. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. मिक्सरच्या पोटात रेडिओचे भाग आहेत. मिक्सर चालतो, फक्त मधूनच त्यातून बातम्या येतील अशी भीती वाटते.

त्यांच्या देशात क्रांती झाली आणि ज्या पुढाऱ्याने ती केली, त्याचं नाव काकी कधीच घेत नाहीत. बोलता बोलता तो विषय आला की हनुवटीखाली हात नेतात आणि नसलेली दाढी कुरवाळतात. आवाज खाली जातो. खिडकीकडे बघतात. अकरावा मजला, समोर मॉल, हवाना समुद्रापलीकडे. तरी बघतात.

"काकी, इथे कोण ऐकणार?" मी एकदा विचारलं.

"आमच्या गल्लीत कमिटी होती. कोणाकडे कोण इला, कोण काय शिजवता, सगळा लिवन ठेवी."

"आपल्याकडे सोसायटीचा ग्रुप आहे की."

"तेच म्हणतंय. ते निदान सकाळी गुलाबाची फुला धाडीत नसत."

आमच्या बिल्डिंगमध्ये क्युबाचे दोन तज्ज्ञ आहेत आणि दोघंही क्युबाला गेलेले नाहीत. एक कॉम्रेड परबकाका. गिरणीत होते, संपात उद्ध्वस्त झाले, आणि सावंतवाडीच्या पलीकडे न जाता जगातल्या सगळ्या क्रांत्या त्यांना तोंडपाठ आहेत. दुसरा नवव्या मजल्यावरचा निखिल. हा शेअर बाजारात असतो, म्हणजे मोबाइलमध्ये असतो. परबकाका "तिथे औषधोपचार फुकट!" म्हणाले की काकी भडकतात. "डॉक्टर फुकट! गोळी खंय? गोळी सोडवूक लागता!" निखिल लगेच खूश होऊन "तेच ना काकी, फेल्ड कंट्री," म्हणतो. मग काकी त्याच्यावर धावून जातात. "मेल्या, माझ्या आवशीक मी शिव्यो घालीन. तू कोण?"

दोघांना वाटायचं, बाई मूळची आपल्याच बाजूची आहे, जरा डोकं फिरलंय एवढंच.

मागच्या वर्षी परबकाकांनी सोसायटीच्या हॉलमध्ये काकींचं भाषण ठेवलं. बॅनरवर 'क्रांतीच्या बेटावरून', खाली 'वहिनीसाहेब गावडे', आणि त्याखाली चहा-बिस्किटांच्या प्रायोजकाचा फोटो, काकींपेक्षा मोठा. निखिल मोबाइल रोखून पहिल्या रांगेत. काकी उभ्या राहिल्या. आपली आजी अंगठा उठवायची आणि आपण मात्र बारा वर्षं फुकट शिकलो, असं म्हणाल्या. परबकाकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, शाळेला जायला बूट वर्षाला एक, आणि पाय मात्र वाढत राहायचा. निखिलने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्यो नको," काकी दोघांना म्हणाल्या आणि दाढी कुरवाळली.

मग त्यांनी अंड्यांची गोष्ट सांगितली. त्या सोळा वर्षांच्या होत्या. एका उन्हाळ्यात सरकारने सांगितलं, ज्यांना देश सोडायचाय त्यांनी खुशाल बोटीत बसून जावं. थोरला भाऊ राफाएल म्हणाला, मी जातो. जाणाऱ्यांना किडे म्हणायचे. त्यांच्या घरापुढे शाळांचे मोर्चे न्यायचे, घोषणा द्यायच्या, अंडी मारायची. एरवी महिन्यातून मोजकी अंडी मिळायची. त्या दिवशी शाळेने प्रत्येकाला दोन-दोन दिली.

"मोर्चो चलत चलत आमच्याच घरासमोर इलो," काकी म्हणाल्या. "एक मारलंय."



"आणि दुसरं?" मागून कोणीतरी विचारलं.

"दुसरा खिशात घालून घरी नेलंय. आयेन रात्री तळून राफाएलाक वाढल्यान."

परबकाकांना हे झेपेना. "पण वहिनी, त्या वयात तुम्ही मनापासून क्रांतीच्या बाजूने होतात ना?"

"सोळा वर्षांची होतंय. टीचर बाजूक उभी होती."

परबकाकांनी 'अशा प्रकारे संमिश्र अनुभव' असं म्हणत आभार मानले आणि चहा सांगितला. निखिलने मात्र व्हिडिओ टाकला. 'क्युबन काकी' म्हणून तो पुष्कळ फिरला. बहुतेकांना मालवणी ऐकून हसू आलं. तीन आठवड्यांनी फ्लोरिडाहून एका मुलीचा निरोप आला. आजोबांना एक शब्द कळला नाही, पण बाईने लहानपणीसारखाच हनुवटीखाली हात नेला तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, ही माझी बहीण. आजोबा म्हणजे राफाएल.

राफाएल बोटीत बसल्यापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. आधी पत्रं पोचायची नाहीत, मग पत्ते बदलले, आणि मग, काकींच्याच शब्दांत, "लाज पण जुनी झाली." काकींचा मुलगा बंगळुरूला असतो, म्हणून व्हिडिओ कॉल लावून द्यायला मला बोलावलं. सकाळी नऊची वेळ. काकींनी लिपस्टिक लावली होती, गावडेकाकांच्या तसबिरीवर फडका मारला होता. "सुजा, तू खंय जाव नको," म्हणाल्या.

पडद्यावर टक्कल पडलेला म्हातारा आला. गळ्यात सोन्याची साखळी, मागे कपाटाएवढा फ्रिज. काकींनी आधी फ्रिज बघितला. मग भावाकडे बघितलं. तो काहीतरी म्हणाला, काकी काहीतरी म्हणाल्या आणि बघता बघता दोघांचा आवाज चढला. मी म्हटलं, झालं, क्रांती निघाली. आता अंडी निघणार. मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला.

पण दोनच शब्द सारखे ऐकू येत होते. अझुल. वेर्दे. अझुल. वेर्दे.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"आमच्या घराचो दरवाजो! निळो होतो म्हणता मेलो. मी सांगतंय, हिरवो!"

"मग दुसऱ्या कोणाला विचारा ना."

"कोणाक विचारू? आवस गेली, बापूस गेलो, घर पडला." एवढं सांगून त्या पुन्हा फोनकडे वळल्या. "वेर्दे!"

एक तास दहा मिनिटं हे भांडण चाललं. अंड्यांचा विषय त्याने काढला नाही, हिनेही काढला नाही. शेवटी म्हातारा टेबलावर हात आपटून काहीतरी ओरडला आणि फोन बंद झाला. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी भेटून हे असं.

काकींनी पदराने मोबाइलची काच पुसली.

"निळोच होतो," त्या म्हणाल्या. "माका म्हायत आसा."

"मग कशाला भांडलात?"

"होय म्हटला की सपला," काकी म्हणाल्या. "आता उद्या परत फोन करतलो. भांडूक."