ठमामावशीचं दिवाळीतलं सुख

डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या ठमामावशीला मी एका खुणेत ‘अतिशय आनंदी’ करून टाकलं होतं. परवा नातीनं मोबाइलवर पाच तोंडं दाखवून विचारलं, ‘आजी, तू यातली कुठली?’ तेव्हा ते आठवलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

तेव्हा माझे केस काळे होते आणि अक्कल कोवळी. एका संस्थेनं म्हाताऱ्यांचं सुख मोजायचं काढलं होतं. जिथं म्हातारी माणसं एकटी पडलेली आढळतील, त्या पाड्याला दुपारचं जेवण आणि बसाउठायचं केंद्र मिळणार होतं. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून, जणू कलेक्टरीणच, दिवाळीच्या आठवड्यात हजर.

ठमामावशीची खोड अशी, की दारात आलेला प्रश्न ती कोंबडीसारखा हुसकायची.

‘झोप लागते का, मावशी?’

‘लागते. तुजं सांग.’

माझी लागत नव्हती. मी सासूचं घोरणं सांगितलं.

‘एकटं वाटतं का?’

‘नाय गो. तुजं सांग.’

मी नवऱ्याचा अबोला सांगितला, दोनदा डोळे पुसले. फॉर्म तिचा, उत्तरं माझी! तिची सून भाकरी थापत सगळं ऐकत होती.

शेवटी मी पाच चेहऱ्यांचं चित्र पुढं केलं. मावशीनं निरखून पाहिलं. ‘ह्यो रडका, ईटभट्टीचा मुकादम. ही तोंड वाकडं केलेली माजी सून.’ सून खुदकन हसली. ‘मी ह्यात नाय. ह्यांना केसंच नायत.’

मीही हसत हसत सगळ्यात हसऱ्या तोंडावर खूण केली. केंद्र दुसऱ्या पाड्याला गेलं.

अहो, सुनेसमोर कुठली म्हातारी सांगेल, की मला एकटं वाटतं? आणि विचारायचं ते दिवाळीत? भात कापून झालेलं, पोरं-नातवंडं घरात. दिवाळी सरली की सगळी वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. हे मला ठाऊक नव्हतं? मी काय परदेशातून आले होते? माहेर शेजारच्याच मुरबाडचं माझं!

माघात संस्थेशी भांडून नवा फॉर्म घेतला आणि गेले. दारोदार कड्या. ठमामावशी एकटीच, कुलूपबंद घरांची अंगणं झाडत होती.

‘मावशी, एकटं वाटतं का?’

या वेळी ‘तुजं सांग’ आलं नाही. खराटा भिंतीला टेकवून ती म्हणाली,

‘लिव तुला काय लिवायचं ते. पण इचारू नको गो, खरं सांगाय लागंल. नुसती बस.’