शेषरावभाऊ आणि इंग्रजी आठ

शेषरावभाऊ कोणाशीही बोलण्याआधी त्याच्याकडे दोरीचं टोक फेकायचे. समोरच्याने ते झेलायचं, टोकाची गाठ मुठीत धरायची आणि दोरी ताणायची. पुरती ताणली गेली की भाऊ तोंडावरच्या रुमालाआडून म्हणायचे, "हं, बोला आता." दोरी सैल पडली की बोलणं बंद. एकदा आमचा दूधवाला बोलण्याच्या भरात दोन पावलं पुढे आला. भाऊ "गाठ सोडू नको!" असं ओरडत दोन पावलं मागे सरले आणि तुळशीच्या कुंडीवर बसले. कुंडी फुटली. अंतर राहिलं.

ही दोरी म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा कासरा. भाऊ मूळचे धाडचे. शेती धाकट्या भावाकडे सोपवून ते तरुणपणीच बुलढाण्यात आले आणि मंडपाचा धंदा सुरू केला. बैल मागे राहिले, कासरा बरोबर आला. करोना आला तेव्हा सगळं जग सहा फूट, सहा फूट म्हणत होतं, पण सहा फूट म्हणजे किती ते कोणाच्या नजरेत बसत नव्हतं. भाऊंनी त्या जुन्या कासऱ्याला दुसरा कासरा जोडला आणि टेपने मोजून दर सहा फुटांवर एक गाठ मारली. जुन्या टोकाला मात्र आधीपासूनच दोन गाठी होत्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर. घासून घासून काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या. ते टोक भाऊ कधी कोणाकडे फेकत नसत.

मी त्यांचा शेजारी. कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून वीस-बावीस वर्षं वाट्या इकडून तिकडे गेल्या.

भाऊंच्या गाठीने गावाला बरंच छळलं. न्हाव्याला ते म्हणाले, "कापशील तर कापजो, पण सहा फुटांवरून." न्हावी म्हणाला, "काका, मंग कैचीले बांबू बांधून आणतो." भाऊंनी त्यावर खरोखर विचार केला आणि पुढचे सहा महिने केस वाढवले. डोणगावला भाच्याच्या लग्नात नवरा-नवरी एकेका गाठीवर उभी केली. हारांना मंडपाच्या काठ्या लावल्या. नवरीचा मामा वैतागून म्हणाला, "काऊन हो काका, मंगळसूत्र बी काठीनंच घालता काय?" भाऊ शांतपणे म्हणाले, "नाई. आता ते एका घरचे झाले. आता चालते."

दुसऱ्या लाटेत माझी बायको, सुमन, गेली. त्या दिवसांत भेटायला कोणी येत नव्हतं आणि न येणं हेच शहाणपणाचं होतं. फोन यायचे. मी ते घ्यायचो, ठेवायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरून अंगणात दोरीचं टोक येऊन पडलं.

मी बाहेर गेलो, ते उचललं, ताणलं. फाटकाबाहेर भाऊ उभे होते. "बोला," म्हणाले. मला बोलता येईना.  आम्ही अर्धा तास तसेच दोरी धरून उभे होतो. रस्त्याने जाणाऱ्या एकाने विचारलं, "काका, काय मोजून राह्यले?"

"काई नाई बे," भाऊ म्हणाले, "दुखवट्याले बसायले आलो सरांकडे."

"उभ्यानं?"

"तू जाय."

मग त्यांनी कासरा गुंडाळला. "उद्या येतो," म्हणाले. तेरा दिवस आले.

सुमन असती तर पोट धरून हसली असती. ती इथलीच, वऱ्हाडी बोलणारी. मी नोकरीसाठी बाहेरून आलेला, पुस्तकी मराठी बोलणारा. "एवढी वर्षं झाली बुलढाण्यात," ती म्हणायची, "पण तुमच्या तोंडून एक 'हाव' निघत नाई." खरंच निघायचा नाही. मी आपला "हो" म्हणायचो.

लाट ओसरल्यावरच्या हिवाळ्यात भाऊ एका सकाळी भिंतीपाशी आले. दोरी न फेकताच बोलू लागले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं आहे.

"सर, प्रदर्शन भरते यंदा."

गावातल्या मैदानावर दर हिवाळ्यात कृषी प्रदर्शन भरायचं. बियाणं, ठिबकच्या नळ्या, पेरणीयंत्रं, बचत गटांच्या शेवया-पापडांची दुकानं. मंडप पहिल्यापासून भाऊंचा. मधे ते बंद होतं आणि भाऊंचे बांबू मागच्या अंगणात वाळवी खात पडले होते. आता आयोजकांना परवानगी मिळणार होती, पण अटीवर. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तपासणी होईल, सगळं नियमात बसलं तरच फाटक उघडेल.

"एक मुद्दा चुकला तर मंडप सोडा म्हणतीन," भाऊ म्हणाले. "तुमी नियम वाचा. मी गाठी पाह्यतो."

त्यांनी नियमांचे चार कागद भिंतीवरून माझ्या हातात दिले. बऱ्याच महिन्यांत मला कोणी काही वाचायला दिलं नव्हतं.

मैदानावर भाऊंनी कनाती लावूच दिल्या नाहीत. मंडपाला नुसतं छत. आयोजकांपैकी एक म्हणाला, "काका, उघडंबोडकं दिसते." भाऊ म्हणाले, "दिसू दे. कनात लावली का हवा मरते. हवा जाऊ द्या मधून." आत शिरायचं एका फाटकाने, निघायचं दुसऱ्या. मधे मागे वळायचं नाही. एखादं दुकान राहिलं तर बाहेर पडून पुन्हा सगळा फेरा. हात धुवायला त्यांनी पाठीवरचे नवे कोरे फवारणी पंप खांबाला बांधले आणि दांडा पायाने दाबायची सोय केली. पहिल्याच दिवशी पंप ओळखून एका शेतकऱ्याने हात मागे घेतला.

"काका, हे कशावरचं औषध? बोंडअळीवरचं का माव्यावरचं?"

"माणसावरचं," भाऊ म्हणाले. "हात कर पुढं. साबणाचं पानी हाये."

पण ते नंतर. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी भाऊंनी आपला कासरा मंडपातल्या माणसांच्या हवाली केला आणि साधा हुकूम दिला: "दुकानापुढं कासरा टाका, गाठ आली का फक्कीचा गोल मारा." फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी. माणसं हुकुमाची पक्की. गाठ आली की गोल. कासरा उचलला, पुढे टाकला, पुन्हा गाठ आली की गोल.

सकाळी तपासणीला एक तरुण मॅडम आल्या. त्यांनी हवा पाहिली, पंप दाबून पाहिला, फाटकं पाहिली. खूश दिसल्या. मग दुकानांसमोरच्या गोलांवरून चालत गेल्या आणि थबकल्या.

"हे इंग्रजी आठ कसले?"

आम्ही पाहिलं. पाच-सहा गोल नीट सहा फुटांवर आणि मग दोन गोल एकमेकांना चिकटलेले. पुढे पुन्हा पाच-सहा गोल, पुन्हा आठ. जिथे जिथे कासऱ्याचं जुनं टोक पडलं होतं, तिथे तिथे माणसांनी इमानाने दोन्ही गाठींवर गोल मारले होते. मैदानभर अठरा आठ.

"इथे दोन माणसं दीड फुटावर उभी राहणार," मॅडम म्हणाल्या. "हे चालणार नाही. गोल पुसा आणि दोरी दुरुस्त करून पुन्हा आखा. ती जास्तीची गाठ सोडून टाका. दुपारी मी परत येते. तेव्हा हे असंच असेल तर परवानगी देता येणार नाही."

नुसता एकेक गोल पुसून चालणार नव्हतं, आखणीच नव्याने हवी होती, तरी काम तासाभराचं होतं. एका माणसाने कासरा उचलून गाठीला नख लावलं. भाऊ असे धावले की वाटेत त्यांनी तीन गोल तुडवले. करोना आल्यापासून ते कोणाच्या इतक्या जवळ गेले नसतील.

"सोडजो नको ते!"

"पण काका, मॅडम—"

"गोल पुसा, मंडप पाडा, काई बी करा. ते गाठ सुटनार नाई."

आयोजक हात जोडू लागले. "अहो काका, एका गाठीपायी सारं प्रदर्शन घालवता काय? बायाहीनं महिनाभर पापड लाटले."

"मी कुठी नाई म्हन्तो? दुसरी दोरी घ्या."

"घेतो ना! नवी आणतो. ही टाकून देऊ."

भाऊंनी त्या माणसाच्या हातातून कासरा काढून घेतला. तो छातीशी धरून एका पालथ्या टोपल्यावर जाऊन बसले. मंडपाच्या सगळ्या दोऱ्या बांबूंना बांधलेल्या. दुसरी दोरी आणायला माणूस पिटाळला, तर बाजाराचा दिवस असून दोरीचं दुकान बंद. टेपने आखावं, तर टेप भाऊंच्या खिशात आणि भाऊ कोणाशी बोलेनात. अठरा आठांच्या मधोमध ते रुसल्यासारखे बसून होते. लांबून बघणाऱ्याला हसू आलं असतं. मला आलं नाही. त्यांची बोटं त्या दोन गाठींवरून फिरत होती.

मी नियमांचे कागद पुन्हा काढले. वाचण्याशिवाय मला दुसरं येतं काय? चौथ्या कागदाच्या तळाशी, शेवटून दुसरं कलम, बारीक अक्षरात होतं: एकाच कुटुंबातील व्यक्तींना आपापसांत अंतराची अट लागू राहणार नाही.

मॅडम दुपारी आल्या तेव्हा मी पुढे झालो. बऱ्याच महिन्यांनी इतकं बोललो. म्हणालो, "ही चूक ठेवावी असं वाटतं. प्रदर्शनाला नवरा-बायको जोडीने येतात. आई-लेक येतात. त्यांना सहा फुटांवर उभं केलं, तर ती ऐकणार नाहीत. घोळका करतील आणि सगळीच रांग मोडेल. त्यांना आठात उभं करू. एकट्याने गोलात राहावं."

मॅडमनी कागद घेतला, कलम दोनदा वाचलं, मग अठरा आठांकडे पाहिलं. "आठात फक्त घरचे. बाहेरचा दिसला तर मी बंद करेन."

"गाठ सोडनार नाई कोणी," भाऊ टोपल्यावरून म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. भाऊंनी पुढचे चार दिवस आठांची अशी राखण केली की माणसं दुकानांपेक्षा त्यांनाच जास्त बघत होती. कोणी एकटा आठात शिरला की भोंग्यासारखे ओरडायचे, "ओ बापा! घरचं कोणी हाये संगं? नाई ना? मंग गोलात!" दोन मित्र गळ्यात गळा घालून आले. भाऊंनी आडनावं विचारली, ती निराळी निघाली, दोघांना वेगळ्या गोलांत पाठवलं. एक म्हातारी म्हाताऱ्याला घेऊन आली आणि सरळ गोलात जाऊन उभी राहिली. भाऊ म्हणाले, "आजी, तुमी आठात उभं राहा ना. चालते." ती म्हणाली, "नको लेका. पन्नास वर्सं जवळ राहून राह्यली, जरा सहा फूट मिळू दे." भाऊ खूप हसले. मग रुमाल वर ओढून बराच वेळ खांबाकडे बघत उभे राहिले.

शेवटच्या दिवशी ऊन कलल्यावर गर्दी विरळ झाली. पापडांच्या दुकानापाशी थोडी रांग होती. भाऊ कासरा गुंडाळत माझ्याजवळ आले आणि पहिल्यांदाच त्या गाठींबद्दल बोलले.

"लग्न झालं त्याच सालची गोष्ट. गोदेले घेऊन आलो अठी. गर्दी अशी का विचारू नका. हात सुटला. मी गेलो माइकवर, पुकारलं, गोदाबाई शेषराव, जठी असान तठीच थांबा, मी तुमाले घ्यायले येतो. ते मळणीयंत्रापाशी होती. थांबली. मले वाटलं, ते ऐकून येईनच माइकपाशी. मी बी थांबलो. दोन घंटे." ते हसले. "ते तठी मले शिव्या देऊन राह्यली, मी अठी तिले."

"मग?"

"मंग पुढच्या साली तिनंच कासरा आनला. एक गाठ तुमची, एक माही म्हने. गाठ सोडाल तर पाहा. लोक हसत, बायको दावणीले बांधून आनली काय रे म्हनत. ते म्हने, मी नाई, यालेच धरून आनलं म्या." भाऊंनी गाठ चाचपली. "बारा वर्सं झाली तिले जाऊन. पुन्हा तसंच झालं पाहा सर. ते तठी थांबली. मी अठी."

 त्यांनी कासरा पुन्हा उलगडला, ते जुनं टोक बाहेर काढलं आणि काळी गुळगुळीत गाठ माझ्यापुढे धरली.

"धरा. पापड घेऊ."

आम्ही पापडांच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. भाऊ आठाच्या एका गोलात, मी दुसऱ्यात, मधे हातभर कासरा. गाठ माझ्या मुठीत बसली. ती बाईच्या मुठीच्या मापाची होती, थोडी लहान. सुमन याच रांगेत दर वर्षी मूग-पापडांसाठी भांडायची.

रांग सांभाळणारी मुलगी चार दिवस भाऊंच्या हाताखाली तयार झाली होती. ती थेट आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

"काका! तुमचाच नियम. एकट्यानं गोलात. हे तर बाजूचे सर हायेत."

"घरचे हायेत," भाऊ समोर बघत म्हणाले.

"घरचे?" तिने माझ्याकडे पाहिलं. "हाव काय, सर?"

दोरी दोघांच्या मधे ताणलेली होती.

"हाव," मी म्हणालो.