घाटोळे काकांचे लाल सिग्नल

कुत्र्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यात बांधून स्वयंपाकघराच्या दारात पुढे-मागे करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. मी शेजारी इस्त्रीवाल्याला द्यायला सुटे पैसे मागायला गेलो होतो. घाटोळे काका एक पाऊल पुढे टाकत, मान आखडून थांबत, मागे येत आणि पुन्हा पुढे जात. दाराशेजारी भिंतीला चिकटवलेली एक पांढरी डबी दर वेळी टी-टी-टी करत होती. बाजूला त्यांचा शेरू नावाचा कुत्रा बसून हा सगळा प्रकार फार लक्ष देऊन पाहत होता.

"काका, बरं आहे ना?" मी विचारलं.

"मले काय धाड भरली? चाचणी करून राहिलो," काका म्हणाले. "आधी स्वतः, मंग गाडी."

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे वर्धेकडचे, पण सगळी नोकरी बिलासपूर-रायपूर पट्ट्यात गेली, आणि मग इथंच रायपूरला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घर बांधून राहिले. नव्या रुळांवरून गाडी सोडण्याआधी साहेबानं स्वतः ट्रॉलीवर बसून जायचं असतं, हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरलेला की काकूंनी नवीन लोणचं घातलं तरी पहिली फोड हे खाणार, अर्धा तास आरामखुर्चीत पडून राहणार आणि मगच घरच्यांना परवानगी देणार. लोणच्याचं ठीक होतं. आता प्रश्न कुत्र्याचा होता.

शेरू खरा रश्मीचा. रश्मी ही काकांची एकुलती एक मुलगी. तिनं हे गावठी पिल्लू पावसात गटाराजवळून उचलून आणलं, दुधावर वाढवलं, आणि बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा "दो महीने की बात है पापा, फ्लॅट मिलते ही ले जाऊँगी" असं सांगून आईवडिलांच्या गळ्यात बांधून गेली. फ्लॅट मिळाला, पण तिथं कुत्रा चालत नव्हता. दुसरा मिळाला, तिथं कुत्रा चालत होता पण वेळ मिळत नव्हता. शेरू इथंच राहिला.

काका सगळ्यांना सांगत, "मले हे कुत्रं नकोच होतं. पोट्टीचं पार्सल हाय, ठेवून राहिलो." काकूंना तर कुत्रा घरात असणं म्हणजे धर्मसंकटच. देवघर, स्वयंपाकघर, सोवळं-ओवळं, सगळं त्यांचं कडक. शेरूनं एकदा नैवेद्याच्या वाटीत तोंड घातलं आणि काकूंनी निर्वाणीचा इशारा दिला, "अजून एकदा हा देवाजवळ नाही तर चुलीजवळ गेला, तर मी माह्या भावाले फोन करते. अभनपूरले शेतावर धाडून देते याले. तिथं बोंबलत बस म्हणा."

त्याच आठवड्यात काकांनी ऑनलाइन त्या डब्या मागवल्या. प्रकार साधा आहे. डबी दाराशी लावायची, पट्टा कुत्र्याच्या गळ्यात. कुत्रा दाराच्या ठरावीक अंतरात आला की डबी वाजते, तिच्यावर लाल दिवा लागतो आणि पट्टा लुकलुकत मोबाइलसारखा थरथरतो. शॉक वगैरे काही नाही. कुत्रा दचकतो आणि मागे फिरतो. अंतर कमी-जास्त करायला डबीला एक खुंटी असते. आपण ती एकदा फिरवून विसरून जाऊ. काकांनी त्या खुंटीवर निवृत्तीनंतरचं दुसरं करिअर उभं केलं.

स्वयंपाकघराला एक डबी. देवघराला एक. काकूंच्या साड्यांच्या कपाटाला एक. कोणत्या दाराला किती पल्ला ठेवायचा याचा विचार करत काका सकाळ-संध्याकाळ हिंडत, आणि दर फेरबदलानंतर पट्टा स्वतःच्या गळ्यात घालून चाचणी घेत. त्यांची मान मुळातच बारीक, पट्टा छान बसे. मी एकदा म्हटलं, "काका, पट्टा हातात धरूनही चाचणी होईल की."

"हातात? कुत्रं काय हातानं चालते काय?" असं म्हणून त्यांनी पट्टा आणखी एक भोक आवळला.

शेरूही काही कमी नव्हता. पल्ला कुठं संपतो हे त्याला दोन दिवसांत कळलं. तो बरोबर त्या रेषेच्या अलीकडे पाय पसरून झोपू लागला. काकांना त्याचा केवढा अभिमान! आल्यागेल्याला दाखवत, "पाहा, सिग्नलच्या अलीकडे उभा हाय! ड्रायव्हर असा पायजे." त्यानंतर शेरूला दुसरा शोध लागला. मान बाहेर राहिली की डबी वाजत नाही. मग तो पाठमोरा होऊन स्वयंपाकघरात शिरू लागला. शेपटी, मागचे पाय आणि अर्धं पोट आत, मान बाहेर. त्या शेपटीनं ओट्याखालचा बेसनाचा डबा आडवा केला तेव्हा काकू किंचाळल्या आणि काका धावत येऊन कौतुकानं म्हणाले, "शंटिंग करून राहिला, बदमाश!"

बेसनाच्या त्या अपघाताची काकांनी रीतसर चौकशी बसवली. समितीत ते स्वतः आणि मी. माझी जेवणाची वेळ झाली होती, तरी मला घटनास्थळी उभं करून पाच वेळा विचारलं, की डबा मुळात रुळाला, म्हणजे दाराला, इतक्या जवळ का होता? काकूंनी ठेवला होता. चौकशीत दोष काकूंचा निघाला. त्या दिवशी काका आमच्याकडे जेवले.

पण सगळ्यात कडक बंदोबस्त होता तो रश्मीच्या खोलीला. तिथं नुसती डबी पुरेशी नाही असं सांगून काकांनी दारावर चांगला मोठा लाल बल्ब लावला होता, आणि तो दिवसरात्र जळत असे. "हे घरातलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण," ते सांगत. "इथं कुत्रंच काय, माणूस बी विचारून जाईल." त्यांचा शब्द पक्का होता. नागपूरहून साडूचं आख्खं कुटुंब आलं तेव्हा सगळे हॉलमध्ये एकमेकांच्या पायात पाय घालून झोपले, पण ती खोली उघडली नाही. काकूंना त्यांच्या गाद्या आणि पितळेची भांडी तिथं ठेवायची होती. तीही परवानगी मिळाली नाही. काकू पुटपुटत, "कुत्र्याच्या नावानं माह्या भांड्यांवर सिग्नल." मला वाटे, आत रश्मीचा महागडा कॉम्प्युटर असेल.

मग भाद्रपद आला आणि महालक्ष्म्या आल्या.

आमच्याकडे वऱ्हाडी घरात महालक्ष्म्या म्हणजे काय असतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. काकू पंधरा दिवस आधीपासून जमिनीवर नसतात. पंडरीच्या कापडबाजारातून नव्या साड्या आल्या, देवघरात मखर सजलं, आणि काकूंनी शेरूकडे बोट दाखवून जाहीर केलं, "या तीन दिवसांत याचं एक पाऊल जरी आत पडलं, तर लगेच हा अभनपूरले. भावाले सांगून ठेवलं हाय. तो टेम्पो घेऊनच जेवाले येऊन राहिला."

त्या दिवसांत काकांचा चेहरा पाहवत नव्हता. वरून म्हणत, "जाईल तर जाईल, बला टळेल." आणि दर तासाला देवघराच्या डबीची खुंटी थोडी पुढे सरकवत. जेवणाच्या दिवशी सकाळी त्यांनी पल्ला पूर्ण वाढवला.

दुपारी आम्ही सगळे पोचलो. मी आणि माझी बायको, पाऱ्यातल्या चार बायका, अभनपूरचे मेव्हणे. बाहेर टेम्पो उभा. आत सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि त्या वासानं माझी अवस्था शेरूपेक्षा वेगळी नव्हती. काकूंनी पूजा आटोपली आणि आरतीला काकांना हाक मारली. काका आतून आले. पितांबर, अंगावर नवं उपरणं गळ्यापर्यंत गुंडाळलेलं, हातात तबक. झांजा सुरू झाल्या.

पहिल्याच कडव्याला काकांची मान थरथरली. दुसऱ्याला खांदे उडाले. तिसऱ्याला डोळे विस्फारले आणि तबक हलायला लागलं. शेजारच्या ठोंबरेबाईंनी टाळ्या वाजवायचं थांबवून हात जोडले. "अगं बाई, संचार झाला!" त्यांनी पुढं होऊन काकांचे पाय धरले. "माये, माह्या पोट्ट्याचं लग्न कधी जमते ते सांग वं!"

"मले... मले काय माहीत?" काका थरथरत म्हणाले. "पण काहीतरी येऊन राहिलं खरं!"

"पस्तीस वर्षं महालक्ष्म्या बसून राहिल्या या घरात," काकू झांज थांबवून म्हणाल्या, "कधी नाही आली तुमच्या अंगात, आज कशी आली?"

झांजा थांबल्या आणि त्या शांततेत सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. टी-टी-टी. टी-टी-टी.

काकांमधली देवी एका क्षणात गेली आणि सिग्नल इन्स्पेक्टर परत आला. "लाल! कोणी हलायचं नाही! शेरू आत आला!"

आम्ही महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्यांमागे पाहिलं, चौरंगाखाली पाहिलं, मेव्हण्यांनी मखरामागे डोकं घातलं. शेरू कुठंच नव्हता आणि डबी वाजतच होती. तेवढ्यात काकू काकांच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांनी उपरण्याचं टोक बाजूला केलं.

"अहो, तुमच्या गळ्यात हे काय लुकलुकून राहिलं?"

पट्टा! सकाळी चाचणी घेतली, तेवढ्यात काकूंनी केळीच्या पानांसाठी हाक मारली आणि पट्टा गळ्यातच राहून गेला. आम्ही इतके हसलो की ठोंबरेबाईंना खाली बसावं लागलं. काकाही हसायला लागले होते, आणि मधेच थांबले.

"मंग शेरूच्या गळ्यात काय हाय?" ते म्हणाले.

शेरूच्या गळ्यात काहीच नव्हतं. सकाळपासून तो मोकळा होता, आणि घरात सोळा भाज्या उघड्या होत्या. काकू स्वयंपाकघराकडे धावल्या. काका जागेवरच उभे राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू ओसरलं, कारण ते टेम्पोकडे पाहत होते.

स्वयंपाकघरात पोळीचा तुकडासुद्धा हललेला नव्हता. शेरू अंगणात नव्हता, गच्चीवर नव्हता, पलंगाखाली नव्हता. सगळं पाहून झालं तेव्हा उरलं एकच दार. लाल बल्बाचं. ते किंचित उघडं होतं. मी विचारायला थांबलो नाही.

आत कॉम्प्युटर नव्हता. एक पलंग, रश्मीचं पुस्तकांचं कपाट, खिडकीत तिनं शाळेत केलेलं कागदी तोरण. पलंगावर शेरू उशीवर डोकं ठेवून गाढ झोपला होता. त्याच्या शेजारी माणूस लवंडेल एवढी जागा दबलेली होती आणि तिथं काकांचा चष्मा आणि आजचं वर्तमानपत्र पडलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला मी डबी शोधली. डबी नव्हतीच. बल्बाची वायर सरळ प्लगमध्ये गेली होती. तो बल्ब शेरूला अडवायला लावलेलाच नव्हता.

काका माझ्यामागं येऊन उभे राहिले होते.

"कोणाले सांगू नको, सुधीर," ते हळूच म्हणाले. "दुपारचे दोघं पडतो इथं थोडा वेळ."

"मग हा लाल दिवा कशाला, काका?"

"गाडी यायची असली ना, का ती लाईन रिकामी ठेवा लागते. बाकीच्यांले लाल." त्यांनी चादरीची सुरकुती हातानं सरळ केली. "नाही तर लोक सामान टाकतात बावा. गाद्या टाकतात, भांडे टाकतात. अन् एक दिवस पोट्टी येईल, अन् तिले घरात जागाच नसेल. फोनवर तर म्हणते, आती हूँ पापा. कधी येईल, टाइम नाही सांगत. मंग लाईन रिकामी नको का?"

मी शेरूच्या कानामागं खाजवत बसलो. हा माणूस वर्षभर कुत्र्याच्या नावावर आपल्या मुलीची वाट पाहत होता, आणि मी त्याच्या गोष्टी ऑफिसात सांगून लोकांना हसवत होतो.

दारात बांगड्या वाजल्या. काकू उभ्या होत्या, हातात पुरणपोळीचं ताट. काका दचकून पलंगापासून दूर झाले, चष्मा उचलून मागे लपवला.

"लपवू नका," काकू म्हणाल्या. "या चादरीवरचे कुत्र्याचे केस दर सोमवारी कोण झटकते? तुम्ही?"

काकांनी मागे लपवलेला चष्मा हळूच पुढे आणला.

"भावाले सांगतलं मी. टेम्पोत बसवाचं असेल तर माह्या पितळेच्या भांड्यांले बसव. पोट्टी येईपर्यंत राहू दे तिथं शेतावर." त्यांनी शेरूला हाक मारली. तो शेपटी हलवत उतरला. ताट त्यांनी पलंगाजवळ ठेवलं नाही, उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"आत काहून नाही देत?" काकांनी विचारलं.

"आत सांडेल," काकू म्हणाल्या. "पोट्टी आजच आली तर?"

मग त्या पलंगाशी आल्या, उशी झटकली, आणि दोघांनी चादरीची दोन-दोन टोकं धरून ती पुन्हा नीट अंथरली.