गच्चीवरचे नव्वद किलो

सांगा बघू, माणसानं भरवसा ठेवावा कोणावर? स्वतःच्या अंदाजावर की बायकोच्या तराजूवर? घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या शेजारच्या दुकानदारानं दिलं होतं.

त्याचं दुकान सुतळी-दोरखंडाचं. दहा हात दोरी मागितली की तो अकरा हात द्यायचा, म्हणून सारा बाजार त्याला ‘थोडंजास्त’ म्हणायचा. (त्याला ती पदवी वाटायची.) बायको नोकरीतून निवृत्त झाली आणि तिनं गच्चीवर अठरा कुंड्या लावल्या. तेव्हापासून घरात आधी टोमॅटोला पाणी, मग नवऱ्याला चहा.

अशात पालिकेचा नियम आला. गच्चीवर भाजी लावणाऱ्यानं नोंदणी करायची, वही ठेवायची, हंगामाचं उत्पन्न अर्जात लिहायचं. बायकोनं वजन करून सांगितलं, “नऊ किलो.” अर्ज भरायला बसला थोडंजास्त. नऊ? एवढ्यात कसली आली अब्रू! हात सवयीनं पुढे सरकला आणि नवापुढे शून्य पडलं.

आठवड्यानं कागद आला : ‘प्रत्यक्ष पाहणी, सोमवारी सकाळी.’

तीन दिवस त्याला घास उतरेना. सोमवारी बायको फिरायला गेली तसं त्यानं बाजारातून चार क्रेट टोमॅटो आणले आणि हिरव्या दोऱ्यानं झाडांना बांधत सुटला. गाठ मात्र पक्की. दुकानावर पाटीच होती, ‘आमची गाठ सुटत नाही.’

बायको परतली तेव्हा गच्ची लालभडक.

“अहो, हे काय?”

“पीक.”

“रातोरात?”

“तू बोलू नकोस. मी बघतो.”

तेवढ्यात पाहणीच्या बाई आल्या. त्यांनी गच्चीभर नजर फिरवली, मान हलवली.

“काका, पन्नास किलोपर्यंत घरगुती. नव्वद म्हणजे धंदा. परवाना हवा, इमारतीवर भार किती पडतो त्याचा दाखला हवा. नाहीतर सात दिवसांत कुंड्या खाली.”

“हे… हे कुठे लिहिलंय?”

“अर्जाच्या मागच्या बाजूला.”

(कागदाला मागची बाजू असते, हे त्याला त्या दिवशी कळलं.)

बायकोनं एका कुंडीच्या काठावर हात ठेवला. तिच्या बोलण्याला तो बत्तीस वर्षं घाबरत आला होता. कुंडीवरचा तो हात त्याहून भयंकर.

“मॅडम, खोटं आहे सगळं! बांधलेत मी! हा बघा दोरा!”

“टोमॅटोच्या झाडाला आधाराला दोरा सगळेच बांधतात, काका. परवाना चुकवायला लोक काय काय सांगतात!” बाईंनी एक टोमॅटो ओढला. फांदी वाकली, टोमॅटो हलेना. “बघा. झाडाचाच आहे.”

त्यानं गाठीला नखं लावली, दात लावले. घामानं शर्ट भिजला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या दुकानाची पाटी मनातल्या मनात शिव्या देऊन उतरवली.

शेवटी बायकोच म्हणाली, “मॅडम, जरा इकडे या. हे झाड कसलं?”

“वांग्याचं.”

“लागलंय काय?”

तीन टोमॅटो डोलत होते. शेजारच्या गुलाबाला सहा.

बाईंनी बराच वेळ खोकला आल्यासारखं केलं. मग नव्वदातलं शून्य खोडलं आणि वही पुढे केली. काकांनी हात लांब केला, पण वही त्यांना वळसा घालून गेली.

“काकू, नोंदी तुम्हीच ठेवा.”

त्या वहीत ‘कीड व उपद्रव’ असा एक रकाना आहे. काकूंनी त्याच दिवशी नेटक्या अक्षरात भरला : ‘नवरा. संख्या एक. औषध अजून सापडलेलं नाही.’

पुढच्या पाहणीत बाईंनी त्या ओळीवर ‘तपासले, बरोबर’ असा शेरा मारला. तेव्हा मंडळी, अशी वही तुमच्याही घरी येईल. हात जोडून एवढंच मागणं, हिशेब खरा ठेवा, त्या रकान्यातलासुद्धा.