दोरी क्रमांक चार

यंदाच्या सुट्टीत हॉटेलात उतरायचं नाही, तंबूत राहायचं, हा निर्णय मी दात घासताना घेतला. तोंडात फेस असताना घेतलेला निर्णय निदान तोंड धुईपर्यंत तरी कोणाला सांगू नये, हे आता कळतंय. मी फेसासकट बाहेर आलो आणि जाहीर करून मोकळा झालो.

तसं निर्णयामागे कारण होतं. गेल्या वर्षी हॉटेलात आमच्या धाकटीने (वय वर्षे चार, उत्साह चाळीस जणांचा) बाथरूमची आतून कडी लावली आणि ती काही केल्या काढेना. मी शूरपणे गॅलरीत जाऊन बाथरूमच्या खिडकीत डोकं घातलं. डोकं गेलं, मी गेलो नाही. मला तसा बघून धाकटी खुदकन हसली, तिने कडी काढली आणि बाहेर जाऊन आईला सांगितलं, "बाबा खिडकीत राहतात आता." पुढचा पाऊण तास मी हॉटेलच्या सुताराच्या सहवासात काढला. तेव्हापासून कडी, खिडकी आणि सुतार या तिन्ही गोष्टी नसलेली जागा मी शोधत होतो. तंबूला नुसती चेन असते.

"आणि तो उभा कोण करणार?" बायकोने विचारलं.

"मी."

सासूबाईंनी शब्दकोड्यातून मान वर केली. (सासूबाई आमच्याकडे आठ दिवसांसाठी आलेल्या आहेत. त्या आठ दिवसांना परवा तीन वर्षं झाली.) त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मला नीट बघून घेतलं.

"ठीक आहे," बायको म्हणाली, "पण तिथे संध्याकाळी पाचपर्यंत तंबू उभा राहिला नाही, तर सरळ शेजारच्या हॉटेलात जायचं. आणि पुन्हा जन्मात तंबूचं नाव काढायचं नाही."

हे एक वेळ मी पचवलं असतं. पण आमच्या थोरलीने दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगून टाकलं की माझे बाबा एकट्याने तंबू उभारणार आहेत. याआधी तिने वर्गात 'माझे बाबा सायकल दुरुस्त करतात' असं सांगितलं होतं. (ती सायकल सध्या दोन पिशव्यांत आहे.) वर्ग अजून तिला ते विसरू देत नाही. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, या वेळी नक्की ना?"

त्यातलं 'या वेळी' मला फार लागलं. नऊ वर्षांच्या पोरीने बापाकडे असं जपून बघावं? मी तिथल्या तिथे ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, तंबू उभा राहणार.

आता मी पडलो रेकॉर्ड विभागाचा कारकून. बावीस वर्षं कागदांना क्रमांक देतोय. जिच्यावर लेबल नाही ती वस्तू अस्तित्वातच नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. घरातही साखरेवर 'साखर' आणि मिठावर 'मीठ' अशी लेबलं मीच लावली आहेत. ती सोलून भलतीकडे चिकटवणं हा धाकटीचा आवडता खेळ आहे, त्यामुळे आमच्याकडे चहाची खात्री देता येत नाही, तो भाग वेगळा.

तर मी तंबू आणला आणि बैठकीच्या खोलीत रीतसर सराव सुरू केला. दोन खांब, एक कापड, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या. पहिली दोरी सोफ्याच्या पायाला. दुसरी कपाटाच्या मुठीला. तिसरी जेवणाच्या टेबलाच्या पायाला. चौथीला काही मिळेना, म्हणून ती सासूबाईंच्या खुर्चीला बांधली. खुर्चीत सासूबाई होत्या. त्यांनी शब्दकोड्यातून मान वर केली नाही.

तंबू असा ताठ उभा राहिला की मीच दोन पावलं मागे सरलो. तीन रविवार सराव केला. वेळ आली पंचवीस मिनिटांवर. प्रत्येक दोरीला लेबल लावलं, अंतरं पावलांनी मोजून वहीत लिहिली. सगळं झाल्यावर एक छोटी जड पिशवी उरली. आत आठ लोखंडी खुंट्या.

"अहो, या कशाच्या?" बायकोने विचारलं.

"जादा आहेत. कंपनी देतेच. शर्टाबरोबर नाही का एक बटण जास्तीचं देत?" मी म्हणालो आणि पिशवीवर लेबल लावलं : 'जादा. गरज नाही.'

बायकोने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ती मुलींचे कपडे भरायला गेली.

कॅम्पवर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मैदान मोठं होतं, जमीन वाळूची. आमच्या शेजारच्या जागेवर एक गृहस्थ शिट्टीवर गाणं वाजवत तंबू उभारत होते. गाण्याचं दुसरं कडवं संपेपर्यंत त्यांचा तंबू उभा. मी तुच्छतेने हसलो, वही काढली, खांब जोडले, कापड पसरलं आणि पहिली दोरी हातात घेतली. लेबल वाचलं : 'दोरी क्र. १ – सोफा.'

मी मान वर केली. समोर मैदान होतं.

दुसरी : 'कपाट.' तिसरी : 'जेवणाचं टेबल.' आपण तंबू उभारायला शिकलोच नव्हतो, बैठकीच्या खोलीत तंबू उभारायला शिकलो होतो! आणि त्या आठ खुंट्या कशासाठी होत्या, हेही त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं.

"पेग विसरलात वाटतं?" शेजारच्या शिट्टीवाल्यांनी विचारलं. "माझ्याकडे आहेत चार-पाच. देऊ?"

हो म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण बाजूला थोरली उभी होती. तिचे डोळे माझ्या तोंडावर, आणि चेहरा सायकलच्या वेळी झाला होता अगदी तसा.

"नको," माझ्या तोंडून निघून गेलं. "आमची पद्धत वेगळी आहे."

गाडीच्या डिकीत काहीतरी शोधत असलेल्या बायकोने वळून माझ्याकडे बघितलं आणि डिकी हळूच बंद केली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"बाबा," थोरलीने कुजबुजत विचारलं, "वेगळी म्हणजे कशी?"

मलाही तेच हवं होतं. मी वही उघडली. सोफा ते कपाट अकरा पावलं. कपाट ते टेबल नऊ. आणि एकदम डोक्यात वीज चमकली. खोली नाही ना? मग खोली मांडू!

"गाडी इकडे घे!" मी बायकोला ओरडलो. "अजून! आता डावीकडे! बास! तिथे सोफा आहे."

"कुठे आहे सोफा?" धाकटी धावत बघायला आली.

"गाडी म्हणजे सोफा. ते झाड म्हणजे कपाट." झाडापासून पावलं मोजली. जिथे जेवणाचं टेबल हवं होतं, तिथून दीड पावलावर कॅम्पचा सिमेंटचा बाक होता. दीड पाऊल मी वहीत खोडून दुरुस्त केलं. (बावीस वर्षांत पहिल्यांदा खाडाखोड केली, पण आणीबाणीला नियम नसतात.) तीन दोऱ्या बांधून झाल्या. तंबू उठला, पण एका अंगावर असा कलला होता की बघणाऱ्यालाही मान तिरकी करावी लागावी. राहिली चौथी दोरी. त्या कोपऱ्यात नुसती वाळू.

घडीच्या खुर्चीत बसून सासूबाई शब्दकोडं सोडवत होत्या. वाऱ्याने दोरीचं टोक त्यांच्या पायाशी नेऊन टाकलं. त्यांनी ते उचललं, चष्मा नीट केला आणि लेबल मोठ्याने वाचलं :

"'दोरी क्र. ४ – सासूबाई. जागेवरून हलवू नये.'"

शिट्टीवाले आपल्या तंबूत शिरले. बहुतेक हसायला.

"हे माझ्याबद्दल लिहिलंय, जावईबापू?"

"आई, ते… म्हणजे तसं नाही… सरावात तुम्ही तिथे…"

"माझी जागा कुठली ते सांगा."

मी बोटाने वाळूतली जागा दाखवली. सासूबाई उठल्या. स्वतःची खुर्ची स्वतः उचलली, बरोबर त्या जागी ठेवली, तीत नीट बसल्या, दोन्ही पाय वाळूत घट्ट रोवले आणि म्हणाल्या, "बांधा. आणि नीट बांधा. मला अर्धवट काम आवडत नाही."

मी बांधलं. दोरी ताणली. तंबू सरळ झाला, ताठ झाला, अगदी आमच्या बैठकीतल्यासारखा. घड्याळात पाचला तीन मिनिटं कमी होती. थोरलीने अशी किंकाळी मारली की झाडावरचे पक्षी उडाले. मला रडू आलं, ते मी वाळू डोळ्यांत गेल्याच्या नावावर खपवलं.

आणि मग वारा सुटला.

वारा कसला, वावटळच ती. मैदानाच्या त्या टोकाकडून धुळीचा पडदाच चालत आला. शेजारच्या खुंट्या वाळूतून एकेक करत टपाटप निघाल्या. शिट्टीवाल्यांचा तंबू आधी फुगला, मग उठला आणि आमच्या डोक्यावरून गेला. त्यामागे शिट्टीवाले, त्यांच्यामागे त्यांची बायको. शिट्टी कोणीच वाजवत नव्हतं. बघता बघता अर्ध्या मैदानातले तंबू आडवे झाले.

आमचा? आमचा गाडीला बांधलेला होता, झाडाला बांधलेला होता, सिमेंटला बांधलेला होता, आणि या सगळ्यांहून भक्कम असं जे काही होतं, त्याला बांधलेला होता. धाकटी आजीच्या मांडीवर जाऊन बसली. ("मी पण दोरी!") सासूबाईंनी एका हाताने तिला धरलं, दुसऱ्या हाताने शब्दकोडं धरलं आणि वाऱ्याकडे त्या माझ्याकडे बघतात तसं बघितलं. पाच मिनिटांत वारा ओशाळून निघून गेला.

त्या संध्याकाळी शिट्टीवाल्यांचं कुटुंब आमच्या तंबूत चहा पीत बसलं होतं. "तुमची पद्धत मला शिकवा हो," ते अगदी मनापासून म्हणाले. कॅम्प चालवणाऱ्या बाई वही घेऊन आल्या, चारही दोऱ्या ओढून पाहिल्या, चौथीपाशी आदराने थांबल्या, आणि उत्तम तंबूसाठी ठेवलेलं लाल निशाण त्यांनी आमच्या खांबाला लावलं. थोरली माझा हात धरून उभी होती. इतका घट्ट की बोटं दुखली. मी ती सोडवून घेतली नाहीत.

रविवारी घरी आलो. निशाण बैठकीच्या भिंतीवर लावलं. मग गाडीतलं सामान काढताना डिकीच्या तळाशी एक छोटी जड पिशवी सापडली. वर माझ्याच वळणदार अक्षरात लेबल.

"या… या तिथे होत्या?"

"पहिल्यापासून," बायको म्हणाली. "मीच टाकल्या होत्या. द्यायलाच काढत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, आमची पद्धत वेगळी आहे. पोरीचा चेहरा बघितला आणि म्हटलं, असू दे वेगळी."

खुंट्या वापरल्या असत्या तर आमचाही तंबू उडालाच असता, असं मात्र मी तिला पटवून दिलं. ती हो म्हणाली. (ती हसत होती, पण हो म्हणाली.)

सोमवारी ऑफिसात छाती काढून गेलो. रेकॉर्ड विभागात, हिशेब विभागात, कँटीनमध्ये, जिन्यात, भेटेल त्याला अख्खी हकीकत सांगितली. एकट्याने तंबू कसा उभारला, वादळात कसा टिकवला. लोक समोरून कौतुकाने ऐकत आणि मी पुढे गेलो की मागे हसण्याचा आवाज येई. साहेबसुद्धा मागून येऊन खांदा थोपटून गेले. बावीस वर्षांत इतकी प्रसन्न मंडळी मी पाहिली नव्हती. यशाची हवाच वेगळी!

संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढली आणि भिंतीवरच्या निशाणाकडे अभिमानाने बघत उभा राहिलो. माझ्या पाठीमागे सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या.

"जावईबापू, असेच उभे राहा जरा," त्या म्हणाल्या. "धाकटीने तुमच्या पाठीवर काहीतरी चिकटवलंय." मग त्यांनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं :

"'जादा. गरज नाही.'"