सोनकुसरे सरांची कोशाची जेली

सोनकुसरे सरांच्या डाव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एक केस सापडणार नाही. उजव्या पायावर जंगल. लुंगी वर खोचून ते मोहाडीच्या बाजारातून निघाले, की डावीकडच्या दुकानदारांना एक माणूस दिसतो आणि उजवीकडच्यांना दुसराच.

सर माझे शेजारी. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, घरचा धंदा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचा. निवृत्त झाल्यावर दोन्ही गोष्टी त्यांनी स्टीलच्या एका डब्यात घातल्या. त्या डब्यात जेली असते आणि जेलीच्या पोटात कोशाच्या धाग्याची बारीक जाळी.

"स्लॅबमधी सळाख टाकतो का नाही आपण? तसंच हाये हे," असं म्हणून ते जेलीचं एक टोक तुमच्या हातात देतात आणि गरजतात, "ओढा!"

एका लग्नाच्या पंगतीत डबा उघडा राहिला. नवरदेवाच्या मामानं हलवा समजून एक फोड तोंडात टाकली. मठ्ठा संपला, पंगत उठली, मामा आपला चावतोच आहे. सर त्याच्यासमोर उकिडवे बसून खूश, "तुटून नाही राहिली ना? वा रे वा!"

हसा, मीही पोट धरून हसलो होतो. पण या जेलीचं कारण घरात होतं. कोश उकळायच्या मोठ्या गंजातलं कढत पाणी सरांच्या बायकोच्या, शांताकाकूंच्या पोटरीवर सांडलं होतं. जखमेला चिकटलेली पट्टी काढताना त्या अशा ओरडत, की सर दवाखान्याबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहत. शेवटी काकूंनी जाहीर केलं, "मी नाही येत आता. सडते तं सडू दे पाय."

ओली जेली जखमेला चिकटत नाही, हे सरांनी वाचलं होतं. पण नुसती जेली काढताना फाटते, म्हणून कोशाची जाळी. आणि जेलीची परीक्षा काकूंसारख्याच गुळगुळीत पायावर व्हायला हवी, म्हणून डाव्या पायावर वस्तरा!

डबा घेऊन सर भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. "सर, घरची जेली जखमेवर लावायची नाही. जंतू जातील." मग त्यांनी कपाटातून तयार, निर्जंतुक पट्टी काढली. आत जेली, जेलीत जाळी. सरांनी ती उजेडात धरली आणि नाक मुरडलं, "वीण सैल हाये." पण मान्य केली.

आता काकूंना न्यायचं होतं.

"ही नवी पट्टी काढताना ओरडलीस, तं डबा कारध्याच्या पुलावरून वैनगंगेत फेकतो!" सरांनी पैज लावली.

"डबा नोका फेकू जी, माह्या माहेरचा हाये."

काकू निघाल्या. जुनी पट्टी निघताना ओरडल्याच, पण नवी लागली. ती बदलायच्या दिवशी गाडी माझी होती. या वेळी सर बाहेर गेले नाहीत. काकूंनी त्यांचं मनगट आवळलं, डोळे गच्च मिटले. सिस्टर पायाशी वाकल्या.

"काढा ना बाई एकदाची! कायले थांबून राहिल्या?"

"काढली, काकू."

काकूंनी एक डोळा उघडला. पाय पाहिला, ट्रेमधली अखंड पट्टी पाहिली आणि सरांचं मनगट सोडलं.

सरांनी काकूंचा हात उचलून पुन्हा आपल्या मनगटावर ठेवला.

"धर अजून थोडा वेळ," ते हळूच म्हणाले. "मले भेव लागून राहिलं."